एक जूनचे नऊ इंगळे

माधवीनं एंटर दाबलं आणि निमखेडच्या नऊ म्हाताऱ्यांचे एक्क्याऐंशी झाले.

तिला ते त्या क्षणी कळलं नाही. कळलं असतं तर ही गोष्ट चार ओळींत आटोपली असती आणि तिच्या बापाचा उजवा डोळा होता तसा राहिला असता. पण संगणकाची एक वाईट खोड आहे. तुम्ही चुकीचं विचारलंत तर तो टोकत नाही, जे विचारलं त्याचं उत्तर तोंडावर फेकतो आणि गप्प बसतो. तिथं माणूस असता तर निदान "काय बाई, शुद्धीवर हायेस ना?" एवढं तरी म्हणाला असता.

माधवी इंगळे अमरावतीतल्या एका सेवाभावी मंडळाच्या नेत्र रुग्णालयात डेटाचं काम बघायची. मंडळ गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं घ्यायचं. शिबिरात दोन खोल्या असायच्या. पहिल्या खोलीत म्हाताऱ्यांचं नाव, गाव आणि जन्मतारीख लिहून घ्यायची, दुसऱ्या खोलीत डोळे तपासायचे आणि कोणता डोळा करायचा, आत भिंग किती नंबरचं बसवायचं, ते लिहायचं. या दोन खोल्यांच्या दोन याद्या संगणकात दोन वेगळ्या टेबलांत जायच्या. त्या जोडून ऑपरेशनची एकच यादी काढायची, हे माधवीचं काम. त्या धंद्यात याला जॉईन म्हणतात. अवघड काही नसतं. दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या, दोन्हींत जे सारखं असेल ते धरायचं आणि ओळीला ओळ जोडायची. सोयरीक जुळवण्याइतकं सोपं, आणि बिघडलं तर तितकंच महागात पडणारं.

सारखा असायचा तो टोकन नंबर. पहिल्या खोलीत प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी मिळायची, ती दुसऱ्या खोलीत दाखवायची. बाकी सगळ्या गावांत हे नीट चालायचं. निमखेडात घोड्यानं पेंड खाल्ली. तिथल्या म्हाताऱ्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, घडी घालून कनवटीला खोचल्या आणि विसरून गेले. दोघांनी तर चिठ्ठीत चुना बांधला. दुसऱ्या खोलीत गोपाल नावाचा तपासनीस होता. कामाला वाघ, लिहायला महाआळशी. नाव विचारलं की म्हातारा आज्यापणज्यापासून सुरुवात करतो, म्हणून त्यानं नावंच विचारली नाहीत. आधार कार्ड बघायचं, आडनाव लिहायचं, जन्मतारीख लिहायची, पुढचा. त्यामुळे निमखेडसाठी माधवीनं टोकनाऐवजी गाव, आडनाव आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवर जोड मारला. तिन्ही गोष्टी जुळणारी दोन माणसं एका गावात कशाला असतील, असं तिला वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच वाटलं. तुम्ही निमखेडचे नाही आहात. पण ही बाई निमखेडची होती, तिला तरी कळायला हवं होतं!

बाळापूर तालुक्यातल्या या गावात दोन वस्त्या, वरच्या पुऱ्यातही इंगळे आणि खालच्या पुऱ्यातही इंगळे. दोघांत सोयरीक नाही, बसउठ नाही, एकाच्या पंगतीला दुसरा नाही. आडनाव मात्र एक. आणि दुसरी गोष्ट म्हणजे एकसष्ट साली गावात शाळा निघाली तेव्हा पटसंख्या दाखवायला गुरुजी घरोघर फिरले आणि सापडेल ते पोरगं धरून आणलं. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, असा नियम. खरी तारीख कोणाच्याच आईला माहीत नव्हती. गुरुजींनी सगळ्यांच्या नावापुढं एकच लिहिली, एक जून एकोणीसशे पंचावन्न. ज्याला मिसरूड फुटायच्या बेतात होतं त्यालाही तीच, आणि जो शेंबूड पुसून घ्यायला मधूनच घरी पळत होता त्यालाही तीच. वरचा पुरा, खालचा पुरा असा भेद गुरुजींनी केला नाही. माधवी दर एक जूनला केक घेऊन गावी जायची आणि बापाचा वाढदिवस करायची. त्या दिवशी गावात आणखी किती केक कापता येतील, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

शिबिरात निमखेडचे नऊ जण होते आणि नऊही इंगळे. पहिल्या टेबलातल्या प्रत्येक इंगळ्याला दुसऱ्या टेबलात नऊ इंगळे जुळले. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. बाकी गावांचे एक्कावन्न धरून यादी झाली एकशे बत्तीसची.

शिबिरांचे व्यवस्थापक पंजाबराव. त्यांना संख्या फार प्यारी. माणसं कोण, कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

"एकशे बत्तीस!" ते खुर्चीतून उठले. "माधवी, तुनं तं कमाल केली वं! मांगच्या शिबिरात चाळीस होते फक्त."

"सर, मी एकदा तपासून—"

"तपासाचं काय त्यात? कॉम्प्युटरनं काढलं न?"

त्यांनी लगेच मंडळाच्या अध्यक्षांना आकडा कळवला, दोन जादा बस सांगितल्या, एकशे बत्तीस माणसांचा वरणभात सांगितला आणि ऑपरेशनं जिथं व्हायची त्या मंडळाच्या अकोल्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या कारकुनानं, शेषरावानं, शांतपणे विचारलं, "साहेब, आमच्याकडं खाटा ऐंशी हायेत. उरलेले काय पंख्याले टांगू?" पंजाबराव त्यावरही हसले. हसू मावळलं ते बसवाल्याचा फोन आल्यावर. त्यानं निमखेडच्या सरपंचाला विचारलं होतं, आणि सरपंच म्हणाला होता की गावात म्हातारे मोजून तीस नाहीत, हे एक्क्याऐंशी मोतीबिंदू काय गाईढोरांचे धरलेत का?

पंजाबराव माधवीच्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा सुतकी झाला होता. "नोंदवही पाह्यली मी, साठच होते न खरे? साठ कर. पाच वाजता यादी सही-शिक्का होऊन अकोल्याले गेली पाह्यजे. उद्या सकाळी पेशंट उचलाचे हायेत."

साडेचार वाजले होते. माधवीनं यादी खाली ओढली तर 'देवमन इंगळे' हे तिच्या बापाचं नाव ओळीनं नऊ वेळा. तिच्या नोकरीचं कंत्राट संपायला एक महिना राहिला होता आणि पंजाबराव पाठीशी उभे राहून घड्याळ बघत होते. मग तिनं जे केलं ते घाईत कोणीही करतो. तिनं संगणकाला सांगितलं, प्रत्येक नावाच्या ओळी तपासणीच्या रकान्यांप्रमाणे क्रमानं लाव, वरची एक ठेव, बाकीच्या आठ काढून टाक. संगणकानं निमूट काढून टाकल्या. खाली आकडा आला, साठ.

"झाले साठ?" पंजाबराव म्हणाले.

"झाले सर."

"मंग मार शिक्का."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, ते हेच. फक्त इथं दळणारी बीसीए झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बापाचा फोन आला. देवमन इंगळे, खालच्या पुऱ्यातला, वय कागदावर सत्तर, ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. माधवी त्यांची उशिरा झालेली एकुलती एक. ती अमरावतीला शिकायला गेली तेव्हापासून तिचं कौतुक सांगायला त्यांना निमित्त लागत नसे.

"बेटा, निंगालो आमी. गाडी लय चांगली हाये. नवाच्या नव जन बसलो."

"काळजी घ्या बाबा. आज एका डोळ्याचंच होईल, दुपारपर्यंत मोकळे व्हाल."

"हो, उजव्याचं."

"डाव्याचं, बाबा."

"नाई, उजव्याचं. सिस्टरनं कागद वाचून दाखवला गाडीत. देवमन इंगळे, उजवा. महादेवरावाचाबी उजवाच. सगळ्याइचाच उजवा हाये."

माधवीनं चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, तुम्हाला दिसत नाही ते कोणत्या डोळ्यानं?"

"दिसत तं डाव्यानं नाई. पन मी काय डाक्टर हाओ?"

मागून वरच्या पुऱ्यातल्या महादेवरावांचा आवाज आला. "देवमन्या, माह्या उजव्यानं मले वावरातली तूर दिसते बे! मोतीबिंदू डाव्यात हाये. उजव्याले काहून हात लावून राहिले हे?"

"महादेवराव, गप बसा," देवमन म्हणाला, आणि त्याचा आवाज फोनमध्ये घुमला. "यादी कॉम्प्युटरनं काढली हाये. माह्या पोरीनं. तुमाले तिच्याहून जास्त समजते का?"

मग बापाचा हळू, सुखावलेला आवाज. "चूप बसले पाहा! ठेवतो आता, सिस्टर सगळ्याइचे फोन जमा करून राहिली."

माधवीनं ऑफिसात येऊन यादी उघडली. निमखेड, इंगळे, उजवा. निमखेड, इंगळे, उजवा. खाली ओळीनं नऊ. तपासणीच्या मूळ टेबलात बघितलं तर नऊपैकी सात डावे आणि दोनच उजवे. आणि मग तिला कळलं की तिनं काय केलं होतं. ओळी क्रमानं लाव म्हटल्यावर संगणकानं त्या वर्णमालेप्रमाणे लावल्या होत्या. वर्णमालेत उ आधी येतो आणि ड नंतर. प्रत्येकाच्या नऊ ओळींतली वरची ओळ उजव्याचीच होती, त्यातही सगळ्यात कमी नंबरच्या भिंगाची. नऊ माणसांना एकच डोळा आणि एकच भिंग वाटून ती पाच वाजता घरी गेली होती.

तिला रडूच कोसळलं. बापाचा डावा डोळा दोन वर्षांपासून गेल्यात जमा होता. उजव्यावरच सगळं चालायचं. पेपर वाचणं, विळ्यानं गवत कापणं, सायकल. ती सुटीत गावी गेली की एसटीतून उतरायच्या आत फाट्यावर उभा असलेला हा माणूस त्या एका डोळ्यानं तिला काचेतून ओळखायचा. आणि त्या डोळ्यावर तिनं शिक्का मारला होता.

"संख्या साठच हाये न?" पंजाबरावांनी सगळं ऐकून विचारलं.

"सर, डोळे चुकलेत!"

"मंग शुद्धिपत्रक काढ. 'उजवा' ऐवजी 'डावा' असे वाचावे. संपला विषय."

"तसं नाही होत. नऊतल्या दोघांचा खरंच उजवा आहे."

"कोनाचा?"

"ते टेबलात नाही. गोपालनं नावंच लिहिली नाहीत."

"मंग कुठं हाये?"

"त्यांच्या डोळ्यांत आहे, सर."

पंजाबरावांनी अकोल्याला फोन लावला. शेषराव कारकून म्हणाला, "यादी सही-शिक्क्याची हाये, साहेब. तोंडी सांगून डोळा बदलत नाई. कालच एकशे बत्तीसचे साठ झाले, आज आनखी काय कराचं? लेखी आना." डॉक्टरांना फोन द्या म्हटलं तर डॉक्टर आत. लेखी लिहिलं तर शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या बाईकडे ती मोझरीला आश्रमात गेलेली. ती येईपर्यंत सव्वानऊ झाले. शिक्का मारलेला कागद छातीशी धरून माधवी अकोल्याच्या एसटीत चढली.

त्या दिवशी गाडीनं तिचा जीव घेतला. बडनेऱ्याला फाटक बंद होतं. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला आणि एका ओळखीच्याशी त्याच्या साल्याच्या लग्नाबद्दल बोलत उभा राहिला. माधवी खाली उतरून म्हणाली, "काका, चला ना, माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे." तो म्हणाला, "बाई, ऑपरेशन डाक्टर करते, तुमी नाई. आराम करा." आणि त्यानं दुसरा कप सांगितला.

दवाखान्याच्या फाटकावर चौकीदारानं अडवलं. "कोन पाह्यजे?"

"इंगळे."

"कोनते? आज इंगळ्याइची जत्रा हाये."

ती त्याला बाजूला सारून वॉर्डात धावली. निमखेडचे आठ जण खाटांवर ओळीनं बसले होते, हिरवे झगे घालून, आणि प्रत्येकाच्या उजव्या भुवईवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला होता. महादेवराव होते, त्यांची बायको दुर्गाबाई होती. दुर्गाबाई काही त्या शाळेत गेली नव्हती, पण आधारवाल्यानं तारीख विचारली तेव्हा तिनं नवऱ्याचीच लावून घेतली होती. संसार एक तर तारीख वेगळी कशाला, असं तिचं म्हणणं.

"बाबा कुठे आहेत?"

"देवमन न? तो गेला आत," दुर्गाबाई म्हणाली. "आमी भेलो होतो सगळे. त्यानं म्हनलं, मी पयला जातो, माह्या पोरीची यादी हाये, भ्याचं काय त्याले? अर्धा घंटा झाला."

माधवी ऑपरेशनच्या खोलीकडे पळाली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. तिनं दोन्ही हातांनी दार वाजवायला सुरुवात केली तेवढ्यात दिवा विझला, दार उघडलं आणि नर्सचा हात धरून देवमन इंगळे बाहेर आले. डोक्याला हिरवी टोपी आणि उजव्या डोळ्यावर जाड पांढरी पट्टी. डाव्या डोळ्यानं त्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते भिंतीकडे बघून हसले.

"कोन हाये?"

"मी आहे, बाबा."

"तू काहून आली वं? सुटी भेटली का?" मग त्यांनी आवाज चढवला, वॉर्डापर्यंत जाईल इतका. "काई दुखलं नाई! येकदम झकास!"

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "मी दोनदा विचारलं हो त्यांना, आजोबा, कोणता डोळा? दोन्ही वेळा म्हणाले, कागदावर असन तोच. उजव्यात कच्चा मोतीबिंदू होता, या वयात असतोच, म्हणून मलाही संशय आला नाही."

"आणि भिंग?"

"यादीतलंच. साडेअठरा."

देवमनला लागणारं भिंग किती नंबरचं होतं ते गोपालच्या नऊ निनावी ओळींपैकी एकीत होतं, पण साडेअठराची ओळ उजव्या डोळ्याची होती, म्हणजे ती त्याची नव्हतीच. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर डाव्या डोळ्याचं माप काढलं. साडेतेवीस आलं. उजव्याचंही तेवढंच असणार, असं त्या म्हणाल्या. "धुरकट दिसेल त्यांना. लांबचं नाही, जवळचंही नाही. महिन्यानं जाड चष्मा देऊ, आणि डाव्याचं ऑपरेशन नीट माप घेऊन करू. मग तो डोळा तरी चांगला होईल." त्यांनी माधवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीची ऑपरेशनं थांबवली.

आता उरलेल्या आठांची पुन्हा तपासणी. पण देवमननं गाडीत त्यांना असं पढवून ठेवलं होतं की कोणी खरं बोलेना.

"आजोबा, कोणत्या डोळ्यानं दिसत नाही?"

"कागदावर काय हाये?" महादेवराव म्हणाले.

"कागद सोडा. तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

"पाहा बाई, सकाळी मी बोललो तं तुह्या बापानं मले चारचौघांत चूप केलं. आता मी नाई बोलत."

शेवटी माधवीनं एकेकाचा एकेक डोळा हातानं झाकून समोर बोटं धरली. तेव्हा कुठं सहा जणांचे डावे आणि दोघांचे उजवे निघाले. भुवयांवरच्या पट्ट्या इकडच्या तिकडं झाल्या आणि भिंगांची मापं यंत्रावर नव्यानं घेतली गेली. सगळं झाल्यावर माधवी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली. "काका, काकू, माझी एक मोठी चूक—"

"वरून नवा आदेश आला हाये!" खाटेवरून देवमन मोठ्यांदा म्हणाला. "डोळे बदलले सरकारनं. पोरगी तेच सांगाले आली हाये अमरावतीहून. आयका तिचं!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळपर्यंत आठांचीही ऑपरेशनं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या निघाल्या. महादेवरावांना डाव्या डोळ्यानं खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं पान न् पान दिसलं. दुर्गाबाईला नवऱ्याचं तोंड स्पष्ट दिसलं आणि "अरे बापा, इतके म्हातारे झाले तुमी!" असं ती म्हणाली. सगळे खूश होते. मग देवमनची पट्टी निघाली. त्यानं उजवा डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी गळलं ते त्यानं बाहीनं पुसलं.

"कसं दिसते, देवमन?" महादेवरावांनी विचारलं.

"कसं म्हंजे? चकाचक. तुमच्या टोपीवरचा डाग दिसते, महादेवराव. तूर तं काय, शेंगेतला दाना दिसन मले आता."

महादेवरावांनी टोपी काढून बघितली. डाग होता. वरच्या पुऱ्यातली असली तरी टोपीच ती, डाग असणारच. पण त्या क्षणापासून महादेवरावांचा आनंद नासला. आपल्याला दिसतं ते कमी आहे की काय, असं त्यांना वाटायला लागलं. "देवमनचं कागदाप्रमानं झालं तं त्याले दाना दिसून राहिला," ते दुर्गाबाईला म्हणाले, "अन् आपलं मधातच काहून बदललं? जो पयला आदेश असते तोच खरा असते." अर्ध्या तासात डावा डोळा झालेले सहाही जण शेषराव कारकुनाच्या टेबलाशी उभे होते. आमचा उजवा करून द्या, कागदावर होता तो. शेषरावानं कपाळाला हात लावला आणि त्यांना अमरावतीला लेखी अर्ज करायला सांगितलं.

माधवी बापाला घेऊन व्हरांड्यात बसली होती. तिनं त्यांच्यासमोर हात धरला.

"बाबा, किती बोटं?"

"कायले पाह्यजे तुले बोटं?"

"सांगा ना."

"तीन."

तिनं मूठ मिटलेली होती. तिनं ती खाली घेतली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बाबा, माझ्यामुळं झालं हे. चूक माझी आहे. पुढच्या महिन्यात आपण डाव्याचं करून घेऊ. नीट होईल तो. मी आजच तुमचं नाव लावते."

"नको लावू."

"अहो, पण का?"

देवमननं इकडंतिकडं कान देऊन कोणी जवळ नाही याची खात्री केली. "डाव्याचं केलं तं सगळ्याइले समजन यादी चुकली होती. मले गाडीतच समजलं होतं वं, माहा डोळा मले नाई समजन? पन महादेवरावाले मी 'गप बसा' म्हनलं, अन् ते गप बसले. माह्या अख्ख्या जिंदगीत मी त्या मानसाले असं म्हनलं नव्हतं. त्याच्या वाड्यावर मी टपाल घेऊन जाओ तं उंबऱ्याच्या बाहेर उभा राहो. काल त्यानं माहं आयकलं, तुह्या यादीपाई. आता मी कसं सांगू का थे चुकीची होती?"

"म्हणून डोळा घालवायचा?"

"गेला कुठं? दिसते न थोडं. तू कोनती हाये ते दिसून राहिलं."

"तुम्ही माझ्या आवाजावरून सांगताय."

"मंग आवाज तं तुहाच हाये न?"

वॉर्डातून बसमध्ये चढायची हाक आली.

परतीच्या गाडीत ती बापाशेजारी बसली. त्यांना पायरी दिसली नाही तेव्हा तिनं कोपराला धरून चढवलं आणि पट्टी आत्ताच निघाली आहे म्हणून असं होतं, असं सगळ्यांना सांगितलं. अकोला मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळी वावरं पसरली होती. सगळे उजव्या डोळ्याचा अर्ज कोणी लिहायचा यावर वाद घालत होते. मग महादेवराव पुढं वाकले.

"देवमनभाऊ," ते म्हणाले.

गाडीतले सगळे थांबले. सत्तर वर्षांत देवमन्याचा देवमनभाऊ झाला होता.

"तुमाले लयच दिसून राहिलं म्हनता. थे समोर पाटी येऊन राहिली, वाचा बरं काय लिवलं हाये. मले डाव्यानं नुसती हिरवी दिसते अजून."

देवमननं समोर तोंड केलं. डोळा ताणला. डोळ्यातून पाणी आलं. पाटी जवळ येत होती आणि त्याचा हात सीटवर चाचपत चाचपत माधवीच्या हाताशी आला. माधवीला वाटलं, आता सांगून टाकावं. एक वाक्य बोलायचं, सहा म्हातारे क्षणभर वाकड्या नजरेनं बघतील, पण पुढच्या महिन्यात बापाचा डावा डोळा होईल. तिनं तोंड उघडलं. बापाची बोटं तिच्या मनगटावर घट्ट झाली.

"बाळापूर. चौदा किलोमीटर," ती त्यांच्या कानात पुटपुटली.

"बाळापूर, चौदा किलोमीटर!" देवमन खणखणीत आवाजात म्हणाला.

पाटी खिडकीजवळून सपकन मागं गेली. सगळ्यांनी माना वळवून बघितली. महादेवरावांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! म्या म्हनलं होतं का नाई? आपलं उजवंच कराले पाह्यजे होतं!"

"उद्याच्या उद्या अर्ज लिवा," दुर्गाबाई म्हणाली. "अन् देवमनभाऊच्या पोरीच्याच हातानं लिवून घ्या. तिचं लिवलेलं चुकत नाई."

गाडीत पुन्हा गलका सुरू झाला. देवमन ताठ बसून समोरच्या धुरकट रस्त्याकडे बघत होता. थोड्या वेळानं तो माधवीकडे किंचित झुकला.

"बेटा," तो हळूच म्हणाला, "पुढची पाटी आली का जरा आधीच सांगजो."